थायरॉइड नव्हतं ते

“हे डिप्रेशन आहे,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या. “म्हणजे उदासीनतेचा आजार. तुम्ही आळशी नाही आणि ढोंगीही नाही. आजारी आहात.”

मला बरं वाटायला हवं होतं. पण तेव्हा कशाचंच काही वाटत नव्हतं. मग त्यांनी सरळ विचारलं, “जगू नये असं वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो?” शेजारी माझे यजमान बसले होते. मी म्हटलं, हो. रोज येतो.  समुद्रपूरला घरी येताना एसटीत माझी पिशवी त्यांनी आपल्या मांडीवर घेतली.

आम्ही भाजीवाले. पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, कोबी घरच्या शेतात पिकवतो आणि बाजारात मी विकते. तोंडाची मी भारी तिखट. माझ्याशी भाव करायला गिऱ्हाईक घाबरायचं. ती मी हिवाळ्यात एका सकाळी मेथी उपटायला वाफ्यात बसली आणि मला उठताच येईना. दुखत काहीच नव्हतं.

त्यानंतर सगळं उतरतच गेलं. जेवण मातीसारखं लागे. झोप पहाटेच मोडे. पोरगी नागपूरहून फोन करी तर तो उचलायची भीती वाटे. पोटच्या पोरीशी काय बोलायचं, तेच सुचत नव्हतं. रडूही येत नव्हतं. रडू आलं असतं तर निदान लोकांना कळलं असतं.

आमच्याकडे माणूस पडून राहिलं की आधी सलाईन लावतात. मलाही लावली. ताकदीच्या लाल बाटल्या झाल्या. मग रक्त तपासलं. शुगर, हिमोग्लोबिन, आणि थायरॉइड, म्हणजे गळ्यातल्या ग्रंथीची तपासणी. सगळं नॉर्मल. यजमान खूश झाले, मी मात्र आणखी खचली. सगळं नॉर्मल असून उठता येत नाही, म्हणजे दोष माझाच. “तुले कमी काय हाये वो?” सासूबाई विचारायच्या. कमी काहीच नव्हतं, मग सांगणार काय?

शेवटी गावातल्याच डॉक्टरांनी वर्ध्याच्या दवाखान्यात, मानसोपचाराच्या ओपीडीत पाठवलं. ओपीडी म्हणजे तपासून घरी सोडतात तो विभाग. तिथल्या बाकावर मी डोक्यावरून पदर ओढून बसली. समोरच्या बायाही तशाच बसल्या होत्या. कोणी कोणाला गाव विचारलं नाही.

अँटिडिप्रेसंट गोळ्या मिळाल्या, म्हणजे ही मरगळ कमी करणाऱ्या. मॅडम म्हणाल्या, “असर यायला काही आठवडे लागतात. मनानं बंद करू नका. आणि घरच्यांनो, यांना एकटं सोडू नका.” माझ्या तोंडाला कोरड पडे, दिवसभर झापड राही, आणि मरायचे विचार जागचे हलत नव्हते.

गल्लीत सासूबाईंनी सांगून टाकलं, थायरॉइड निघालं. जो रिपोर्ट नॉर्मल आला, नेमका तोच आजार त्यांनी मला दिला! बाया भेटायला आल्या. “कोबी खाऊ नोको बाई, थायरॉइडवाल्याले चालत नाई.” कोबी पिकवणाऱ्या घरात हा सल्ला. पूर्वीची मी पोट धरून हसली असती.

पुढच्या तारखेला दवाखान्यात जायचं नाही, हे मी मनात पक्कं केलं होतं. त्या तारखेपर्यंत मला जगायचंच नव्हतं.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी समोरच्या घरची इंदू आमच्या ओसरीवर जुड्या बांधायला आली. बाजारात ती माझ्या शेजारीच बसते. हसली की चार दुकानं पलीकडे ऐकू जातं. तिनंही तेच विचारलं, “थायरॉइडच्या गोळ्या घेऊन राह्यली ना?”

माझं डोकंच फिरलं. “थायरॉइड गेलं चुलीत! डिप्रेशन हाये मले. मरून जावंसं वाटते. आता सांग, कोबी खाऊ का नोको?”

सासूबाई उठून आत गेल्या. इंदू हसली नाही. सांबाराची जुडी बांधून तिनं टोपल्यात ठेवली. दुसरी हातात घेतली आणि खाली मान घालून म्हणाली, “पहाटे पहाटे येते ना वो तो इचार?”

मी तिच्याजवळ सरकून बसली.

“मले लय दिवसापासून येते,” ती म्हणाली. “मले वाटे, मीच पागल झाली. कोणाले सांगू? तू जाशीन तवा मलेबी नेजो. एकटीले नाई जमत मले, हिंगणघाटले गाडी बदलवा लागते.”

मी जाणारच नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं. सांगवलं नाही. “बरं,” म्हटलं.

तारखेला आम्ही दोघी गेलो. तिलाही हाच आजार निघाला. माझा डोस बदलला. मी बरी झाली, असं अजून लिहवत नाही. काही सकाळी मी अजूनही भिंतीकडे तोंड करून पडते. यजमान गोळी आणि पाणी आणून ठेवतात. सासूबाई अजून थायरॉइडच म्हणतात.

तुमच्या घरी असं कोणी असेल, तर त्याच्या आजाराचं नाव बदलू नका, एवढंच हात जोडून सांगते. मॅडमचे, यजमानांचे, गोळ्यांचे माझ्यावर उपकार आहेत. पण त्या महिन्यात मी जगली ती माझ्यासाठी नाही. इंदूला हिंगणघाटला गाडी बदलता येत नव्हती, म्हणून जगली.