अण्णांनी व्हिडिओ डिलीट करू दिला नाही

लक्ष्मीनारायण अण्णांना साठ वर्षं पूर्ण होतायत, म्हणून त्यांच्या गौरवाचं हे पुस्तक निघतंय. मी सांगते आहे, नात लिहून घेते आहे.

अण्णांची माझी पहिली गाठ कंपनीच्या गेटवर पडली. आमच्या गावची, मंद्रूपची एस.टी. उशिरा पोचली आणि नव्यानं आलेल्या या कामगार अधिकाऱ्यांनी मला बाहेर उभं केलं. मी म्हणाले, "एस.टी. मी चालवते व्हय?" ते दुसऱ्या दिवशी स्वतः त्याच गाडीनं आले, घड्याळ बघत. पुढच्या आठवड्यापासून मंद्रूपच्या बायकांना दहा मिनिटांची सूट मिळाली. गोड बोलणं मात्र त्यांना अजून जमत नाही.

एवढी मोठी टॉवेलची कंपनी, पण आमच्या तपासणी खात्यात निम्म्या बायकांना वाचता येत नाही. नोटीस लागली की अण्णा फळ्यापाशी उभे राहून मोठ्यानं वाचतात. कंपनीबद्दल फेसबुक-व्हॉट्सॲपवर काही टाकायचं नाही, ही नोटीसही त्यांनीच वाचली. तेव्हा मला ठाऊक नव्हतं म्हणायची सोय नाही.

मलाही वाचता येत नाही, मी ग्रुप ओळखते चित्रावरून. दसऱ्याला मशीनची पूजा झाली आणि सगळ्या ग्रुपांवर हार घातलेल्या मशीनचा एकच फोटो लागला. त्याच आठवड्यात आमच्या खात्याचं छत गळत होतं. पाणी विजेच्या बोर्डावर, बोर्डाखाली आम्ही. मी व्हिडिओ घेतला, मालकांना चार शिव्या घातल्या आणि बायकांचा ग्रुप समजून टाकला. तो गेला कंपनीच्या सगळ्यांच्या ग्रुपवर. तिथं मालकही आहेत.

मॅनेजरांनी बोलावलं. व्हिडिओ डिलीट करा, तो जुना आहे असं लिहून द्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका. मी फोन काढलाही होता. शेजारी अण्णा बसलेले.

"मावशी, छत गळतंय का न्हाई?"

"गळतंय की."

"मग शिव्यांची माफी मागा. पाण्याची कशाला?"

"तुमचं काय जातंय अण्णा? नोकरी माझी जाईल."

त्यांनी आपला फोन काढला आणि त्याच ग्रुपवर स्वतःच्या नावानं लिहिलं, व्हिडिओ खरा आहे, छताबद्दल मी तीनदा कळवलं आहे. मग मला म्हणाले, "आता दोघांची जाईल."

माझी राहिली. चार दिवसांत छतही दुरुस्त झालं. अण्णांना मात्र नोटीस आली, अधिकारी असून नियम मोडला म्हणून. निवृत्तीला महिना उरलाय आणि इतक्या वर्षांच्या नोकरीवर काढून टाकल्याचा शिक्का बसायची वेळ आली आहे.

रविवारी सत्कार, सोमवारी चौकशी. हार घालायला कोण कोण येणार ते ठरलंय. साक्षीला कोण येणार, ते मी खात्याखात्यात विचारत फिरते आहे. पुष्कळांच्या घरी नेमकं सोमवारीच लग्न निघालंय.

अण्णा, शंभर वर्षं जगा. चहातली साखर कमी करा, गुडघ्यांना तेल लावा, धडधाकट राहा. आणि साक्षीदारांच्या यादीत पहिलं नाव माझं घाला.