बोटावरचे नव्व्याण्णव

रेवदंड्याच्या पुढच्या एका कोळीवाड्यात मी अकरा वर्षं आरोग्यसेविका आहे. तिथल्या एका म्हातारीबद्दल मी घरातही कधी धड बोललेले नाही.

तिनं जन्मभर बोंबील वाळवले आणि चुलीपुढं फुंकणी घेऊन धूर खाल्ला. विडीला कधी हात लावला नाही, तरी फुप्फुसं निकामी होत आली होती. मी महिन्यातून एकदा तिच्याकडं जायचे. "आजी, दम लागतो का?" विचारलं की ठरलेलं उत्तर, "न्हाय गो बाय, बरा हाय." मी वहीत तसंच लिहायचे.

एकदा तिच्या सुनेनं मला पडवीत गाठलं. "सिस्टर, ती मोरीपर्यंतपण जात नाय आता. पाटावर बसवून मीच अंग पुसते. दम लागंल कुठनं?"

दम लागू नये म्हणून म्हातारी एकेक गोष्ट सोडत गेली होती. आधी बाजार, मग देवळाची पायरी, मग शेजारणीचं घर. मी लाजले आणि प्रश्न बदलले. काल काय काय केलंत, झोपताना उशा किती घेता, असं विचारू लागले. पायावर बोट दाबून सूज बघायचे, घड्याळ लावून मिनिटभर श्वास मोजायचे. आता आपल्याला तपासता येतं, असं मला वाटू लागलं होतं.

त्या थंडीत तिच्या छातीत कफ भरला. अलिबागला आठ दिवस दवाखान्यात काढून ती घरी आली, ती ऑक्सिजनचं मशीन घेऊनच. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं, काटा एक लिटरवरच ठेवायचा. मुलगा पनवेलकडं कंपनीत कामाला होता, तो सुट्टी टाकून आला होता. आईच्या खाटेजवळून हलत नव्हता.

घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी मी गेले. म्हातारी शांत झोपली होती. गालांवर चक्क लाली होती. मुलानं तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून मला दाखवला. "बघा सिस्टर, नव्व्याण्णव! दवाखान्यात अठ्ठ्याऐंशीच्या वर जात नव्हता."

"छान," मी म्हणाले.

सून म्हणाली, "सकाळपासनं झोपलीय. किती दिवसांनी अशी झोपली बिचारी."

मला अजून चार घरं करायची होती. झोपमोड नको म्हणून मी श्वास मोजले नाहीत. मशीनवरचा काटा पाहिला नाही. चहा प्यायले आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेचा फोन आला. "सासू उठत नाय. हाक मारली तर डोळं उघडते नि परत मिटते." मी धावत गेले. म्हातारीचे हात गरम होते आणि बोटं मधूनमधून झटके देत होती. मी पदर सारून श्वास मोजले. मिनिटाला जेमतेम नऊ. मशीनवर पाहिलं तर काटा पाचवर.

"हे पाच कुणी केलं?"

"मीच," मुलगा म्हणाला. "एकवर नंबर कमी येत होता. जास्त दिला तर चांगलंच ना?"

मी आमच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, नाकातली नळी काढू नका, काटा एकवर आणा, आकडा अठ्ठ्याऐंशीच्या आसपास राहू दे आणि गाडी येईल तशी निघा. गाडीत मी तिला सतत हाका मारत होते. मुलगा समोर बसून नुसता त्या चिमट्याकडं बघत होता.

अलिबागच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला समजावून सांगितलं. अशा जुन्या आजारात फुप्फुसांतून घाण वायू नीट बाहेर पडत नाही. ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त दिला की तो घाण वायू रक्तात आणखी साठतो, माणूस गुंगीत जातो आणि श्वास मंदावत जातो. मग त्यांनी विचारलं, "काल कुणी पाहिलं नव्हतं का यांना?"

"सिस्टर आल्या होत्या," मुलगा म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "त्या छान म्हणाल्या."

बाईंनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि त्या पुन्हा पेशंटकडं वळल्या.

घट्ट मास्कमधून श्वास देणाऱ्या मशीनवर चार दिवस काढून म्हातारी शुद्धीवर आली. घरी आली, पण खाटेवरून पुन्हा उठली नाही. पेज पाजली तर दोन घोटांत थकायची. मी आठवड्यातून दोनदा जायचे, श्वास मोजायचे, लिहायचे. मुलानं मशीनचा काटा एकवर ठेवून त्यावर चिकटपट्टी लावून टाकली होती. होळीच्या आधी एका दुपारी सून भात वाढत असताना ती गेली.

दहाव्यानंतर मी भेटायला गेले. मुलगा मला रस्त्यापर्यंत पोचवायला आला. वाळत घातलेल्या जाळ्यांपाशी थांबून त्यानं विचारलं, "माझ्यामुळं गेली का हो आई?"

मी म्हणाले, "आजार जुना होता. पण त्या दिवशी मी श्वास मोजायला हवे होते. काटाही बघायला हवा होता. ते माझं काम होतं, तुमचं नाही."

त्यानं जाळ्याचं लोंबणारं टोक उचलून वर टाकलं. मग म्हणाला, "झोपलेली बघून मना इतकं बरं वाटलेलं..."

"मलाही," मी म्हणाले.

तो मागं वळून घराकडं गेला. मी अजून त्याच वाड्यात जाते. त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं नाही, पण गावी आल्यावर आजारी पडला तरी तो आमच्या केंद्रात पाऊल टाकत नाही.