उपाशी डबी

मालूचा नवरा वाल्मिक ट्रकवर क्लीनर होता. ब्याण्णव साली इंदूरला जातो म्हणून गेला, तो गेलाच. मेला म्हणून कुणी कळवलं नाही, जिवंत आहे म्हणूनही कुणी सांगितलं नाही. त्यामुळे मालूला धड विधवा म्हणता येईना, धड सवाष्ण म्हणता येईना, आणि हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही हा घोळ शहापुरातल्या तिच्या आळीला काही सुटेना. शेवटी आळीनं सोपा मार्ग काढला. बोलावणंच बंद केलं. माणसं अशीच, घोळ मिटवत बसण्यापेक्षा माणूस गाळणं त्यांना सोपं जातं.

माहेर डोळखांबच्या पुढे, डोंगरातल्या एका पाड्यावर. तिथं भाऊ महिपत होता. पण भावाकडं वर्षातून दोनदा गेलं तर पाहुणी, तिसऱ्यांदा गेलं की वहिनी भांडी जरा जोरात घासते, एवढं मालूला कळत होतं. म्हणून ती शहापुरातच एक खोली घेऊन राहिली आणि चौऱ्याण्णव साली मुरबाडच्या एमआयडीसीतल्या एका लहानशा प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागली. सकाळची मुरबाड एसटी, संध्याकाळची परतीची, मधे बाटल्या. काही दिवस तर असे जायचे की कंडक्टरला ‘एक मुरबाड’ म्हटलं, तेवढेच दोन शब्द तोंडातून बाहेर पडायचे.

त्या प्रयोगशाळेत अँटीबॉडी बनवत. अँटीबॉडी म्हणजे काय, हे मालूला कुणी समजावलं नाही. बाटल्या धुणाऱ्या बाईला काय समजवायचं? तिनं आपलं बघून बघून जमवलं. सशाला एखादं परकं प्रोटीन टोचायचं. सशाचं रक्त ते परकं म्हणून ओळखायला शिकतं आणि त्याला नेमकं पकडणारी एक गोष्ट तयार करतं. ती अँटीबॉडी. मग सशाचं थोडं रक्त काढून घ्यायचं, आणि हजारो प्रोटीनांच्या गर्दीतून ते एकच शोधून काढायला ती अँटीबॉडी वापरायची. ससे मालूच सांभाळायची. त्यांच्याशी बोलायचीही. ससा ऐकून घेतो, हीच काय ती त्याची थोरवी.

दोन हजार पाच साली तिथं रूपेश सर आले. सर म्हणजे सापगावच्या भीमाबाईचा मुलगा, मालूपेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान. पुण्याला डॉक्टरेट करून आलेला. आई एकटी म्हणून परत आला, नाहीतर त्याच्या बरोबरीची पोरं परदेशात होती. पहिल्याच दिवशी दुपारी तो मालूला म्हणाला, “ताई, तुमी जेवल्या का?” मालूला क्षणभर कळेचना, हा कुणाशी बोलतोय. तिनं मागं वळून बघितलं. मागं भिंत होती.

सरांनी तिला बाटल्यांवरून उठवलं आणि कामाला बसवलं. पेशींमधली प्रोटीनं उकळून, निळा रंग घालून, जेलच्या, म्हणजे पारदर्शक थलथलीत वडीच्या, एकेका खाचेत भरायची. मग वीज सोडायची, की प्रोटीनं आपापल्या वजनानुसार खाली सरकतात. मग ती जेलमधून एका पांढऱ्या पट्टीवर उतरवून घ्यायची. ती पट्टी दूध पावडरीच्या पाण्यात बुडवायची, म्हणजे अँटीबॉडी भलतीकडे चिकटत नाही. मग सशाची अँटीबॉडी, मग सशाच्या अँटीबॉडीला ओळखणारी शेळीची अँटीबॉडी, आणि शेवटी अंधाऱ्या खोलीत फिल्म. हवं ते प्रोटीन असलं की फिल्मवर काळी रेघ उमटते. जास्त प्रोटीन, जाड रेघ. कमी प्रोटीन, बारीक रेघ.

खाचा भरायला हात स्थिर लागतो. भल्याभल्या एमएस्सी झालेल्या पोरांचे हात तिथं थरथरतात. मालूचा नाही. लहानपणापासून भाताची रोपं चिमटीत धरून आवणी केलेला हात तो. तिनं भरलेलं एका खाचेतलं दुसरीत कधी सांडलं नाही.

आता सर कशाच्या मागे लागले होते, तेही सांगायला हवं. पेशी उपाशी राहिली की ती स्वतःच्याच आतला केरकचरा खाते, आणि तग धरते. हा कचरा गोळा करून खाण्याच्या जागेपर्यंत नेणारं एक प्रोटीन असतं. कागदावर त्याचं नाव पी-सिक्स्टीटू. मालूनं त्याचं नाव ठेवलं भारेकरी. रानातून लाकडाचा भारा डोक्यावर आणणारी माणसं तिनं जन्मभर बघितलेली. सरांना नाव इतकं आवडलं, की त्यांनी डब्यांच्या झाकणांवरही तेच लिहायला सुरुवात केली. ह्या भारेकऱ्याला पकडणारी स्वतःची अँटीबॉडी सरांनी दोन वर्षं खपून, सहा सशांपासून बनवली होती. ती खरी आहे हे दाखवायला एकच परीक्षा होती. पेशींच्या काही डब्या पोटभर खाऊपिऊ घालून ठेवायच्या, काही सहा तास उपाशी, आणि दोन्हींतला भारेकरी शेजारी शेजारी बघायचा. परीक्षेत पास झाली तर सरांचं काम पुढं चालणार, नाहीतर प्रयोगशाळेचा मालक हे सगळं बंद करणार. मालकानं तसं तोंडावर सांगितलं होतं.

नियमाप्रमाणं अशा वेळी आणखी एक अँटीबॉडी लावतात. उपाशी असो की पोटभर, कधीच कमीजास्त न होणारं एक प्रोटीन ती दाखवते, म्हणजे सगळ्या खाचा सारख्या भरल्यात की नाही ते कळतं. ती अँटीबॉडी संपली होती, नवी यायला दोन महिने. मालक थांबायला तयार नव्हता. सर म्हणाले, “राहू दे. मालूताईंचा हात आहे ना. काट्यापेक्षा बरोबर.” मालूनं हे वाक्य घरी नेलं आणि कितीतरी दिवस जपून वापरलं.

सर कामासाठी मुंबईला गेले, त्या दिवशी मालूनं पहिली फिल्म काढली. पोटभर डबीची रेघ काळीभोर. उपाशी डबीची इतकी पुसट, की फिल्म उजेडाकडे धरून शोधावी लागली. आपलं काहीतरी चुकलं, तिला वाटलं. काय चुकलं असेल? विचार करता करता तिला आई आठवली. आवणीच्या दिवसांत बाया चिखलातून घरी यायच्या, तेव्हा आई नाचणीची भाकरी सगळ्यांना सारखी कधीच द्यायची नाही. जी सकाळपासून उपाशी, तिच्या पुढ्यात जास्त. “उपाशी आलेल्याला मोजून वाढायचं नाय गो,” आई म्हणायची. आणि आपण काय केलं? पोटभर खाल्लेल्यालाही वीस मायक्रोलिटर, उपाशी मेल्यालाही वीस. कसा दिसेल बिचारा?

तिनं ती फिल्म केराच्या डब्यात टाकली. दुसऱ्या खेपेला उपाशी डबीच्या खाचेत तीस घातलं, रेघ सुधारली. तिसऱ्या खेपेला चाळीस. दोन्ही रेघा अगदी जुळ्या बहिणी. मालूला इतकं बरं वाटलं, की परतीच्या एसटीत ती शेजारच्या अनोळखी बाईशी आपण होऊन बोलली.

सर आले, जुळी फिल्म बघितली, पुन्हा एकदा उजेडाकडं धरली. म्हणाले, “पुन्हा करा ताई.” मालूनं पुन्हा केलं, चाळीस घालूनच. पुन्हा जुळ्या. तिसऱ्यांदाही जुळ्या. दरवेळी सरांचा चेहरा उतरत गेला. मालूला उमगेना, एवढ्या देखण्या रेघा आल्यात आणि ह्यांना झालंय काय. विचारायचं धाडस झालं नाही. तेरा वर्षं न विचारण्याची सवय लागली की ती अशी ऐनवेळी नडते.

शनिवारी दुपारी सर कपाटातल्या वह्या खोक्यात भरत होते. मालूनं विचारलं, “सर, हे कशाला?”

“बुधवारी मालकाला लिहून देतो, अँटीबॉडी बेकार आहे म्हणून. मग आमचं इथं काय काम?”

“बेकार कशी? रेघ तर झकास येते.”

“तेच तर. यायला नाय पाहिजे.” सर खोक्यावरच बसले. “भारेकरी भारा टाकून परत येत नाय, ताई. कचऱ्याबरोबर पेशी त्यालापण खाते. उपाशी डबीत तो दिसायलाच नाय पाहिजे. फार तर पुसट. आपल्या फिल्मवर दोन्हीकडं सारखाच. म्हणजे माझी अँटीबॉडी भलतंच कायतरी धरून बसलीय. दोन वर्षं मी भलत्याच्याच मागं होतो.”

मालूच्या हातातला ट्रे जागच्या जागी राहिला. पुसट. केराच्या डब्यात टाकलेली पहिली फिल्म तिच्या डोळ्यांपुढं आली, तशीच्या तशी. सर म्हणाले, “तुमी कशाला मन वाईट करता? तुमचं काम चोख होतं.” ह्यापेक्षा तोंडात मारली असती तर बरं झालं असतं.

रविवारी मालू खोलीतून बाहेर पडली नाही. चूल पेटवली नाही. कुणी विचारायला येण्याचा प्रश्नच नव्हता, आणि त्या दिवशी ते तिला फार लागलं. सांगितलं तर काय होणार, हे तिला लख्ख दिसत होतं. तिच्या हाताला काटा म्हणणारा जगात एकच माणूस होता. नाही सांगितलं, तर तोच माणूस आपली अक्कल खोटी ठरली असं समजून निघून जाणार. गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? कुणालाच नाही. तिनं स्वतःला हे दहा वेळा सांगून बघितलं. पटलं नाही.

सोमवारी ती नेहमीच्या एसटीनं गेली. दोन्ही डब्यांतल्या प्रोटीनांच्या त्याच नळ्यांमधलं उरलेलं फ्रीजरमधून काढलं. इकडं वीस, तिकडंही वीस. भरताना दरवेळी तिनं आकडा दोनदा बघितला. मंगळवारी दुपारी फिल्म निघाली. पोटभर डबीची रेघ काळीभोर, उपाशी डबीची अगदी पुसट. ती ओली फिल्म घेऊन ती सरांपुढं उभी राहिली.

सरांनी फिल्म खिडकीकडं धरली. बघता बघता त्यांचा चेहरा पालटला. “आली,” ते म्हणाले, “आली ताई, बरोबर आली!” मालूला वाटलं, एवढ्यावरच हे थांबावं. पण सर हुशार माणूस, हुशार माणसाला पुढचा प्रश्न पडतोच. “मग आधीच्या तीन खेपांना काय झालं?”

“मी जास्त वाढलं,” मालू म्हणाली.

“काय?”

“उपाशी डबीला. चाळीस घातलं. तिन्ही येळेला.” मग तिनं पहिल्या फिल्मचंही सांगितलं, केराच्या डब्याचंही सांगितलं, आणि आईचंही. आईचं सांगायला नको होतं, असं तिला सांगताना वाटलं, पण एव्हाना सांगून झालं होतं.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर मालूला रडता तरी आलं असतं. फिल्म टेबलावर ठेवून ते म्हणाले, “बरं झालं सांगितलंत. माझी अँटीबॉडी वाचली.” आवाजात काही वावगं नव्हतं. फक्त ‘ताई’ म्हणायचे राहिले.

बुधवारी मालकानं काम चालू ठेवायला होकार दिला. खाचा सारख्या भरल्यात का ते दाखवणारी ती दुसरी अँटीबॉडी मागवली, आणि तोवर सगळं नव्यानं करायचं ठरलं. गुरुवारी सकाळी मालूनं नेहमीसारखं जेल मांडलं, नळ्या ओळीनं लावल्या आणि स्टूल पुढं ओढलं.

“आजपासून खाचा मी भरतो,” सर म्हणाले.

मालू उठली. सर तिच्या स्टुलावर बसले. त्यांचा हात थरथरत होता. तिसऱ्या खाचेतलं निळं पाणी चौथीत उतरलं, ते मालूला लांबूनही स्पष्ट दिसलं. सरांनाही दिसलं असणार. ते मागं वळतील, म्हणतील, ताई, जरा बघा. म्हणून ती जागची हलली नाही. सर वळले नाहीत. त्यांनी ते जेल टाकून दिलं आणि दुसरं घेतलं.

“सर, दूध कालवू का पट्टीसाठी?” तिनं विचारलं.

“नको,” सर म्हणाले, “मोजून घालावं लागतं. मी कालवतो.”