कांदाचाळीतलं तबक

ज्या वस्तूत बॅटरी असते तिच्याबद्दल आमच्या साडूंना काडीचाही आदर नाही. मनगटावर किल्लीचं घड्याळ, खिशात दाबत राहिलं तरच उजेड देणारी टॉर्च आणि दाराला बेलऐवजी बैलाची घंटा. आमच्या घरी आले की भिंतीवरच्या घड्याळाकडे ते असं बघतात, की त्यात सेल घालून मी काहीतरी अफरातफर केली असावी असं मलाच वाटायला लागतं. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात मीटर सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. "इतका कोळसा डोळ्यांदेखत जाळलाय साडूभाऊ, आता एक सेल संपवायचीसुद्धा लाज वाटते," असं ते म्हणतात. मी विम्याच्या कचेरीत कारकुनी केली. मला कसलीच लाज वाटत नाही, आणि रिमोटमधले सेल उलटे बसलेत हे कळायला मला एक आख्खी क्रिकेट मॅच लागली होती.

निवृत्तीनंतर साडू टॅगच्या मागे लागले. टॅग म्हणजे बोटभर लांबीची चपटी पट्टी. तिच्यात बॅटरी नाही, म्हणूनच साडूंचा तिच्यावर जीव. एकीकडून ट्रान्समीटर रेडिओलहरी सोडतो. टॅग त्या नुसत्या परत फेकतो आणि फेकताना आपल्याजवळ ऊब किती, ओल किती, तेवढं त्यात मिसळून देतो. मग दुसरीकडे ठेवलेली डबी ते वाचते. "लहानपणी आरशाने कवडसा पाडायचो की नाही? आरसा झाकायचा, उघडायचा. झालं, निरोप गेला. आरशाला कुठे सेल लागतो?" असं त्यांनी मला समजावलं. मला कवडसा समजला, बाकी मी मान हलवली. अडचण एकच होती. परत फेकलेली लहर इतकी अशक्त असते की चार पावलांत तिचा दम संपतो. तिची पोच वाढवणं हे साडूंच्या उतारवयाचं ध्येय झालं, आणि मी त्यांचा स्टँड झालो.

स्टँड हा माझा शब्द. ते मला मदतनीस म्हणतात. नाशिकरोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी हातात टॅग घेऊन सोफ्यावर उभा राहिलोय, बाल्कनीत ओणवा झालोय, एकदा तर जिन्यात अर्धा तास विसरला गेलोय. एवढं करून वर बोलणी मलाच. "साडूभाऊ, तुम्ही मधे आलात की सगळं संपतं. माणूस म्हणजे मुख्यतः पाणी, आणि तुमच्यात तर..." माझ्या पोटाकडे बघून त्यांनी वाक्य सोडून दिलं. "लहर तुमच्यात शिरते ती बाहेरच येत नाही." स्वयंपाकघरातून आमची ही म्हणाली, "भाऊजी, हे मी लग्न झाल्यापासून सांगतेय." विज्ञानाने तिची बाजू घेतल्यापासून माझं घरातलं वजन आणखी उतरलं. पोटाचं तेवढं तसंच राहिलं.

हे सगळं हौसेखातर चाललंय असं मी धरून चाललो होतो. मग एके दिवशी साडूंनी मला बाजूला घेतलं. आमच्या दोघांचं सासर एकच, लासलगावकडचं. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. मामांचं नाक पंचक्रोशीत प्रसिद्ध. उन्हाळ कांदा चाळीत भरला की ओट्यावर बसल्या बसल्या ते सांगायचे, अमुक कप्प्यात खालून सडायला लागलाय. उघडून बघितलं की तसंच असायचं. लोक आपल्या चाळी हुंगायला त्यांना घेऊन जायचे. "मामांना वास येत नाही," साडू हळू आवाजात म्हणाले. "करोनाच्या तापात गेला तो आलाच नाही. परवा त्यांच्या शेजारी दूध करपून काळं झालं आणि ते शांतपणे बाजारभाव वाचत होते." मामांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. गेल्या साली एक आख्खा कप्पा सडला, तेव्हापासून गुडघे दुखतात म्हणून त्यांनी चाळीकडे जाणंच सोडलं होतं. मेहुणा म्हणत होता, यंदा शेवटची चाळ, पुढच्या साली कांदा निघाला की थेट मार्केटला. चाळ मोडली की मामांना ओट्यावर बसायला निमित्तसुद्धा उरणार नव्हतं.

"पण हे मलाच का सांगताय?" मी विचारलं.

"तुमच्या पुढे काही जात नाही म्हणून," साडू म्हणाले. कुणी माझ्याबद्दल काढलेले इतके चांगले उद्गार मी त्याआधी ऐकले नव्हते.

अधिक महिन्यात धोंड्याचं जेवण आलं. दोन्ही जावयांना पाटावर बसवलं, पुरणाचे धोंडे वाढले आणि तांब्याच्या एकेका नव्या तबकातून अनारशांचं वाण दिलं. साडूंनी तबकावर नखाने टिचकी मारली, भिंग लावल्यासारखे डोळे बारीक केले आणि आपले अनारसे वर्तमानपत्रावर ओतले. लगेच माझेही ओतले. टॅग त्यांनी कप्प्याकप्प्यात आधीच सोडले होते आणि ट्रान्समीटर चाळीतल्या दिव्याच्या होल्डरला लावला होता, पण ओट्यावरची डबी गप्पच होती. लहर चहूकडे फुकट जातेय, तिला मागून अडवून टॅगांकडे वळवायची, असं त्यांचं गणित. म्हणून भर उन्हात, सात धोंडे पोटात घेऊन, मी दोन्ही हातांनी तबक धरून कांद्यासमोर उभा. ओट्यावरून साडूंचा आवाज येत होता, "जरा वर. डावीकडे. आता खाली. पोट आत घ्या."

सासूबाई अंगणात आल्या आणि थबकल्या. "काय वो जावईबापू, कांद्याला ओवाळताय व्हय?" कुंपणापलीकडे दोन बाया तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. मी पोट आत घेतलं, आणि ओट्यावर डबीचा दिवा लागला. पुढे तबक धरायला माझ्या जागी लोखंडी तार आली. दोन्ही तबकं आजही त्या चाळीत टांगलेली आहेत, आणि जावयांचं वाण असं कांद्यात लटकतंय हे सासूबाईंनी अजून मनाला लावून घेतलंय.

श्रावणात आम्ही पुन्हा गेलो. चहा घेताना साडूंनी खिशातली डबी हळूच बघितली आणि मला दाखवली. तिसरा कप्पा तापला होता, म्हणजे आतून सडायला लागला होता. आता व्याख्यान होणार म्हणून मी चहा लवकर संपवला. पोस्टमनला उभं करून पोच समजावणारा हा माणूस. पण ते मामांना एवढंच म्हणाले, "मामा, चाळीकडे एक चक्कर मारू या का? जेवण जड झालंय."

गुडघ्यांची तक्रार करत मामा निघाले. तिसऱ्या कप्प्यापाशी साडू बुटाची नाडी बांधायला खाली बसले. ती सुटलेली नव्हती, त्यांनी ती आधी सोडली आणि मग बांधायला घेतली. मामा थांबले. थांबले म्हणून सवयीने बांबूच्या फटीतून हात आत घातला. बराच वेळ तो तसाच ठेवला.

"ह्यो कप्पा खालून सडतोय," मामा म्हणाले. "वास येतोय."

"मला तर काहीच येत नाही बुवा," साडू म्हणाले.

"तुम्हाला कसा येईल? तुम्ही शहरातले."

मेहुण्याने कप्पा उघडला. तळाशी पाणी सुटलं होतं, वरचा सगळा माल वाचला. संध्याकाळी जेवताना मामांनी ती हकीकत दोनदा सांगितली, आणि चाळ पुढच्या सालीही भरायची असं मेहुणा आपणहून बोलला. साडूंनी टॅगचं नावही काढलं नाही. ते भात कालवत होते. मला त्यांच्या ताटात आपली पोळी वाढावीशी वाटली.

निघताना मामा गाडीपर्यंत आले. साडूंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लवकर या पुन्हा. अन् नाडी जरा सैलच ठेवत जा, जावईबापू. माझं काय आता नाकाचं खरं नाय."

साडूंनी गाडी चालू केली.  मागच्या सीटवर अनारशांचा डबा मांडीवर घेऊन मी खिडकीबाहेर बघत होतो. शेजारून ही म्हणाली, "निफाड आलं तरी डबा उघडला नाहीत? काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. डबा उघडून पहिला अनारसा मी पुढे साडूंच्या हातात दिला.