पाच खुणांचा माणूस

आमच्या ऑफिसात त्याला सगळे पाचखुणे म्हणायचे. आडनाव नव्हे ते, त्याच्या हट्टाचं नाव. कारखान्यात प्रत्येक पाळीला एक पत्रक निघतं: कुठली टाकी धुवायची, काय बंद आहे, कुठे हात लावायचा नाही. ते काढायचं काम याचं, आणि चौदा वर्षं माझं टेबल त्याच्या शेजारी.

त्याच्याआधी पत्रकासाठी संगणकावर जी व्यवस्था होती, तिला चाळीसेक बटणं होती. एका बोटाने टाइप करणारे आमचे मुकादम तिच्यापुढे हात टेकायचे, आणि पत्रक भिंतीवर कोरंच लागायचं. याने ते सगळं काढून टाकलं. साधा मजकूर लिहा म्हणाला, फक्त पाच खुणा लक्षात ठेवा. ओळीआधी हॅश दिला की मथळा, आडवी रेघ दिली की यादी, आकडा दिला की पायरी, रिकामी ओळ सोडली की नवा परिच्छेद, आणि दोन्ही बाजूंना चांदणी दिली की अक्षरं ठळक. अर्ध्या दिवसात सगळे शिकले. खरं सांगते, मलाही कौतुक वाटलं होतं.

स्वतःच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला यानेच टाक्या धुण्याच्या कामावर चिकटवलं होतं. त्यामुळे लोक पत्रक वाचतात की नाही, हा त्याच्या घरचाच प्रश्न होता.

एके दिवशी देखभाल खात्यातल्या बाई त्याच्याकडे आल्या. "जिवावरच्या सूचनेला वेगळी खूण द्या. ती लाल चौकटीत, सगळ्यांत वर छापली जाऊ दे."

"चांदणी आहे ना, बाई."

"चांदणी काय, कोणीही कशालाही देतं."

"आज सहावी दिली की उद्या साठावी मागाल. मग पुन्हा पत्रकं कोरी."

बाई तीनदा आल्या, तीनदा हात हलवत परत गेल्या. मी म्हटलं, "अरे, एक खूण दे की, तुझ्या बापाचं काय जातंय?" तर माझ्यावरच डाफरला, "ताई, तुम्हाला त्यातलं कळत नाही." नव्हतं कळत मला डोंबल, पण पत्रक तर वाचता येत होतं! हातमोजे परत करा, ठळक. कँटीन उशिरा उघडेल, ठळक. सायकली नीट लावा, तेही ठळक. ज्याला त्याला आपलीच ओळ महत्त्वाची.

त्या मंगळवारच्या पत्रकात बावीस ओळी होत्या, त्यांतल्या सतरा ठळक. टाकी तीनमध्ये वायू साठला आहे, आत उतरू नये, ही ओळ होती हातमोजे आणि सायकलींच्या मधे. त्याच्या बहिणीचा नवरा पत्रकावर नजर टाकून नेहमीसारखा शिडी लावून तिसऱ्या टाकीत उतरला. त्याला वर काढला तेव्हा सगळं संपलं होतं.

चौकशी लागली. मॅनेजरने त्याच्यापुढे कागद ठेवला: सूचना ठळक अक्षरांत होती, मयताने ती वाचली नाही. "सही करा, तुमच्यावर काही येणार नाही." हा पेन धरून नुसता बसून राहिला. मला असा संताप आला म्हणून सांगू! तोंड उघडणार, तेवढ्यात दारात त्याची बहीण येऊन उभी राहिली.

"दादा, मला ते पत्रक बघायचंय."

त्याने ते पुढे केलं. तिने उभ्याउभ्या एकेका ओळीवर बोट ठेवून वाचलं आणि कागद त्याच्यासमोर परत ठेवला. "ती ओळ कुठाय यात? दाखव मला."

तो वाकला. बोट वरून खाली गेलं, ओळ निसटली, पुन्हा वर आलं. स्वतः छापलेल्या कागदात त्याला ती सापडेना. मॅनेजर आणि मी बघत होतो. शेवटी सापडली, तेव्हा त्याने बोट तिथेच दाबून धरलं.

"तू खुर्चीत बसून शोधलीस, दादा," ती म्हणाली. "आणि ती आहे हे तुला माहीत होतं."

एवढं बोलून ती गेली. त्याने मॅनेजरचं वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं: वेगळी खूण तीनदा मागितली होती, मी दिली नाही. मग सही केली. तो कागद घेऊन तो बहिणीच्या घरीही गेला होता. तिने दार उघडलं नाही.