लग्न कोणी पाहिलं?

ती चौकशी मी अजून विसरलेलो नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. एका बाईचं लग्न झालं होतं की नाही, एवढाच प्रश्न होता. आज हसू येईल, पण त्या प्रश्नाने मला खुनाच्या तपासापेक्षा जास्त घाम फोडला.

इंग्रजी अमदानीतली शेवटची काही वर्षं. मी तेव्हा धरणगावच्या ठाण्यावर फौजदार होतो. माझं मूळ कोकणातलं, खानदेशात नवा. सकाळी हजेरी, दुपारी रपेट, संध्याकाळी ठाण्याच्या ओसरीवर कंदिलाची काच पुसण्यावरून शिपायांची रोजची भांडणं. कापसाच्या हंगामात सरकी काढायच्या कारखान्याची, जिनाची, शिट्टी झाली की आम्ही घड्याळं लावायचो. ते दिवस आठवले की अजून नाकात सरकीचा वास येतो. आता त्या वासाला कोण विचारतो म्हणा!

आमच्याकडचे जिनातले फिटर तेव्हा थेट आफ्रिकेत जात. युगांडात कापूस पिकतो, तिथे जिन चालवायला इथलेच हात लागत. असाच गेलेल्या एकाने आपल्या बायकोला तिकडे नेण्यासाठी अर्ज केला होता. अर्जासोबत तिचा फोटो होता, त्याचं तिकडच्या मॅजिस्ट्रेटपुढचं प्रतिज्ञापत्र होतं, मालकाची चिठ्ठी होती. नव्हता तो फक्त लग्नाचा पुरावा. लग्न प्रत्यक्ष पाहिलेल्यांचे जबाब घेऊन अहवाल पाठवा, असा कलेक्टर कचेरीचा हुकूम माझ्या टेबलावर आला. अहवाल प्रतिकूल गेला तर बाईला परवानगी नाही. नवऱ्याला रजा मिळून तो स्वतः इकडे कधी येईल याचा नेम नाही.

काम किरकोळ समजून मी बाजूला ठेवलं होतं. तेवढ्यात त्या बाईच्या गावचे पोलीस पाटील स्वतः ठाण्यावर आले. खुर्ची दिली तरी उभेच.

"फौजदारसाहेब, कागद पाठवू नका. ती बाई त्यानी बायको नही. गावमा बठ्ठा लोके हाईच सांगतस."

"मग कोणाची?"

"विधवा शे. पहिला नवरा मरी गया. अजून त्याच घरमा ऱ्हास, सासूजोडे."

आता माझे कान टवकारले. बायको म्हणून परक्या बायकांना बोटीत बसवून नेणारे दलाल तेव्हा होतेच. दुसऱ्या दिवशी मी टांगा करून गावात गेलो आणि चावडीवर चौकशी लावली.

गावजोशाने सरळ हात झटकले. "मी लग्न लावलेलं नाही." बायकांपैकी पुढे होत्या त्या सवाष्णी, हिरव्या बांगड्यांच्या, तोंडाने तरतरीत. त्यांना विचारलं, "लग्न कोणी पाहिलं?"

"आम्ही काही लगन देखं नही साहेब. मांडव नही, वाजा नही, हळद नही. खोटं काब्र सांगूत?"

खोटं सांगत नव्हत्याच. ते मला ओळखता येतं. खोटं बोलणारा आधी तुमच्या तोंडाकडे पाहतो, मग उत्तर देतो.

मग त्या बाईला बोलावलं. पंचविशीची असेल. नवऱ्याचं गाव, धंदा, सगळं बरोबर सांगितलं. "लग्न कुठे झालं? कोण होतं तिथे?" असं विचारल्यावर मात्र तिने मान खाली घातली. दरडावलं, समजावलं, तरी मान वर होईना. सासूला विचारलं. तिला सारं गाव अक्का म्हणे. काटक म्हातारी, जमिनीकडे बघत म्हणाली, "माले काही माहीत नही."

अहवाल आता डोक्यात तयार होता. कागद काढला, आणि सवयीने एकदा जमलेल्यांवर नजर फिरवली. सवाष्णींच्या मागे, भिंतीला टेकून काही बायका उभ्या होत्या. कपाळं मोकळी. लग्नाचा विषय म्हणून त्या मागे राहिल्या होत्या आणि लग्नाचा विषय म्हणून मीही त्यांना विचारलं नव्हतं. माझा प्रश्न संपला तरी त्या सगळ्या अक्काकडेच बघत होत्या. उत्तर ठाऊक नसलेला माणूस असं कोणाकडे बघत नाही.

मी सवाष्णींना घरी पाठवलं आणि मागच्या बायकांना पुढे बसवलं.

"तुमच्यापैकी कोण होतं तिथे?"

अक्काच्या तोंडावर पदर गेला. मग ती बाई अक्काच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "माय, तू नही सांगशी ते मी नही जास."

म्हातारी हमसून रडली. मग बोलली.

"पाट लाया साहेब. मीच लाया. मना पोऱ्या मरी गया, तवयपासून हाई सून नही, आंडेर शे मन्ही, लेक शे. तिना जलम काब्र वाया जाऊ देऊ? तो बोलना व्हता, धरणगावना जिनमा ऱ्हासू. आते समुद्रपार बलाई ऱ्हायना. ती गई ते माले कोन शे?"

सारा उलगडा झाला. विधवेचा पुनर्विवाह म्हणजे पाट. मांडव नाही, वाजंत्री नाही. गावाबाहेर, अंधारात, चार माणसांत लागतो. सवाष्णीने तिथे थांबायचं नाही, नव्या जोडप्याचं तोंडही तेव्हा बघायचं नाही. पाटाचे विधी केलेला म्हातारा मागेच वारला होता. उरल्या होत्या साक्षीला त्या विधवा, आणि अक्काच्या घरची गोष्ट अक्काआधी बोलायची त्यांची रीत नव्हती. ही त्याची बायको नाही, असं पाटलाच्या कानावर घालणारीही अक्काच, सून जाऊ नये म्हणून.

तिला दटावायला जीभ रेटेना. मी सांगितलं, "अक्का, जबाब दिलात तर ती जाईल. नाही दिलात तर मी जबरदस्ती करणार नाही."

तिने सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि अंगठा पुढे केला. तिच्यामागून बाकीच्यांनीही दिला. पाट हाही कायद्याने विवाहच, असा शेरा मारून मी कागद रवाना केले.

परवानगी आली. युगांडालाच निघालेल्या एका कुटुंबासोबत ती जाणार होती. त्या दिवशी मी स्टेशनावर बंदोबस्ताला होतो. गाडी आली तशी तिने अक्कापुढे पदर पसरला. "माय, ओटी भर."

अक्का मागे सरकली. विधवेने ओटी भरायची नसते. पोरगी हलेना, पदर तसाच धरून उभी. गार्डने हिरवा बावटा काढला तेव्हा शेवटी म्हातारीने ओटी भरायला आलेल्या शेजारणीच्या सुपातले तांदूळ आणि नारळ उचलून तिच्या पदरात घातले. फलाटावरच्या सवाष्णी बघत होत्या. एकीनेही अडवलं नाही. माझे डोळे भरून आले होते, हे लपवण्यासारखं काही नाही.

गाडी गेल्यावर अक्काला मी माझ्या टांग्यात घेतलं. वाटेत ती एकदाच बोलली, टांगेवाल्याला.

"धीरे हाक रे भाऊ. घर लगेच यी जाई."

मला तोवर वाटायचं, खरं बाहेर आलं की पोलिसाचं काम संपलं. पण खरं सांगणाऱ्याला ते सांगून झाल्यावर घरी जायचं असतं. पुढच्या साऱ्या नोकरीत जबाबावर सही-अंगठा झाला की मी कागद मिटण्याआधी साक्षीदाराला विचारत असे, "घरी कोण आहे?"