चादरीचं दुसरं टोक

इस्पितळाच्या धुलाईखात्यात तिला सगळ्या मुकी म्हणत. मुकी ती नव्हती. पहिल्याच अक्षरावर अडखळे, म्हणून बोलायचं टाळी. वय चाळिशीच्या आतबाहेर, अंगानं काटकुळी. घरी अंथरुणाला खिळलेली आई. तीन महिन्यांची उमेदवारी नीट पार पडली तर नोकरी कायम, नाहीतर नारळ. घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं.

मी तिथे कपड्यांची नोंद ठेवी. काचेच्या आडून घड्यांचं लांब टेबल मला सबंध दिसे.

इस्पितळाच्या चादरीची घडी एकटीनं होत नाही. दोघींनी कोपरे धरायचे, ताणायचं, जवळ यायचं, पुन्हा मागे सरायचं. टेबलावर हुकूम चाले थोरलीचा. ती सगळ्यांत जुनी; स्वतः फक्त थप्प्या रची. पहिल्याच आठवड्यात तिनं भुवई उडवली आणि बाकीच्या समजल्या. मुकीनं चादर उचलली, की जिची जोडी असेल तिला नेमकी तहान लागे.

मुकीनं तोड काढली. चादरीचं एक टोक ती कपाटाच्या दारात अडकवी आणि दुसरं ओढून घडी घाली.

"मुकीनं कपाटाशी सूत जुळवलं गं!"

"बरंय की! असला नवरा उलटून बोलायचा नाही."

थोरली सगळ्यांत मोठ्यानं हसे. मुकीच्या घड्या वाकड्या, थप्पी इतरांच्या निम्मी. खात्याच्या प्रमुख, मोठ्या बाईंनी तिच्या कागदावर 'कामात मंद' असा शेरा मारला.

सहाव्या आठवड्यात थोरली एकटी सापडली तेव्हा मी विचारलं, "का छळता तिला?"

"कोण छळतंय? थट्टा चालते, ताई."

मी हलले नाही. मग तिनं एप्रनच्या खिशातून उजवा हात काढला. बोटं आखडून आकड्यासारखी झाली होती. "मूठ वळत नाही. निवृत्तीला अजून दोन वर्षं काढायचीत. त्या तिच्याकडे बघून हसतात, तोवर माझ्या हाताकडे कुणी बघत नाही. तुम्ही तरी कुठे बघितलंत?"

मला तिची कीव आली. एवढा त्रास सोसणाऱ्या बाईला आणखी काय बोलायचं, असं वाटलं. कारण कळलं आणि मी गप्प बसले.

अकराव्या आठवड्यात, मंगळवारी, मुकी चादर घेऊन सरळ थोरलीसमोर उभी राहिली.

"ध... ध... धरा."

टेबल थांबलं. नाही कसं म्हणणार? थोरलीनं कोपरे धरले, मुकीनं ताणलं, चादर सुटली. पुन्हा धरली, पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा चादर जमिनीवर पडली तेव्हा कुणीतरी फिसकन हसलं.

"अगंबाई, थोरलीच्या हाताला लोणी लागलंय!"

तोंडं तीच, फक्त वळली. दुसऱ्या दिवसापासून मुकीला जोडीदारीण मिळाली, थप्पी चढली, पंधरा दिवसांत ती कायम झाली. थोरलीला मात्र चहाचा कप मुद्दाम काठोकाठ भरून मिळू लागला. "जपून हं, थोरले, दोन्ही हातांनी!" मुकी त्यात हसली नाही. पण त्यांना अडवायला पुढेही झाली नाही.

एका सकाळी कप निसटला आणि उकळता चहा थोरलीच्या पावलावर सांडला. बाकीच्या हसल्या. मी काचेमागून बाहेर आले.

"यापुढे जी हसेल तिचं नाव मोठ्या बाईंकडे जाईल. तारीखवारासकट. आणि यांच्या पायावर आधी पाणी ओता."

एकीनं धावत बादली आणली. एवढंच. त्या दिवसापासून थट्टा बंद पडली. माझं दोन मिनिटांचं काम होतं.

संध्याकाळी सही करायला मुकी माझ्या टेबलाशी आली. सही झाली तरी उभीच.

"ता... ताई, हे त... तेव्हा का नाही बोललात?"

"तिचं दुखणं मला ठाऊक होतं गं."

ती अडखळली नाही. "आणि माझं?"

मी समोरची खुर्ची पुढे केली. ती उभ्यानंच वळली आणि गेली.

पुढे एकोणीस वर्षं ती त्याच टेबलावर होती. रोज सही करी, मान हलवून जाई. मी कितीदा पुढे केली तरी माझ्या समोरच्या खुर्चीवर ती कधी बसली नाही.